महाभिक्खू ह्यू-एन-त्संग आणि दगडावरची अक्षरे



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त स्मरणिका निघते आहे आणि तुम्हीही चार ओळी लिहा, असा कार्यकर्त्यांनी आग्रह धरला. मी काही लेखक नाही. मिलमध्ये पाळी करून उरलेल्या वेळेत जे वाचले तेवढीच माझी पुंजी. पण ज्या महाभिक्खूचे नाव आपली लेकरं शाळेच्या पुस्तकात वाचतात, परीक्षेपुरते पाठ करतात आणि मग विसरून जातात, त्या ह्यू-एन-त्संगची जीवनकथा एकदा नीट सांगावी असे फार दिवसांपासून मनात होते.

तीच कथा आत्ता का, त्यालाही कारण घडले. स्मरणिकेच्या बैठकीत विहाराच्या दारातली जुनी शिळा काढायचा विषय निघाला. विहार बांधताना ज्यांनी पाच रुपये, अकरा रुपये, कुणी सिमेंटचं एक पोतं दिलं, त्यांची नावे त्या शिळेवर आहेत. अक्षरे वस्तीतल्याच एका दगडफोड्या माणसाने छिन्नीने कोरली. त्याला लिहिणे जेमतेम येत होते. ओळी वर-खाली गेल्या, काही ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले, एके ठिकाणी तर जोडाक्षरातला म पडून ‘धम’ एवढेच राहिले. तरुण पोरांचे म्हणणे असे की पाहुणे येतात, फोटो काढतात, लाज वाटते. ग्रॅनाइटवर मशीनने सुंदर अक्षरे कोरून आणू. खरं सांगतो, त्या दिवशी मीही हात वर केला. नंतर ह्यू-एन-त्संगविषयी जे वाचण्यात आले, त्याने माझे मत बदलले. ते का बदलले, तेच या लेखात आहे.

बालपण आणि प्रव्रज्या

ह्यू-एन-त्संग यांचा जन्म चीनमध्ये लोयांग या मोठ्या शहराजवळ इ.स. ६०२ च्या सुमारास झाला. घराण्याचे नाव छन. वडील विद्वान होते, पुस्तकात रमणारे होते. चार भावांत हे सर्वांत धाकटे. थोरल्या भावांपैकी एकजण आधीच भिक्खू झाला होता. त्याच्याबरोबर हा पोरगा लोयांगच्या विहारात जायचा, सूत्रे ऐकायचा. बादशहाच्या हुकमाने लोयांगमध्ये थोड्या भिक्खूंची निवड व्हायची होती आणि उमेदवार शेकड्यांनी आले होते. वय कमी म्हणून याला आत घेतले नाही. हा दाराशीच उभा राहिला. निवड करणाऱ्या अधिकाऱ्याने बाहेर येऊन विचारपूस केली, तेव्हा बुद्धाचा वारसा पुढे न्यायचा आहे असे त्याने सांगितले. उत्तर ऐकून अधिकाऱ्याने त्याला आत घेतले. त्या वेळी वय होते तेरा वर्षे.

लोयांगपासून जवळच लोंगमेन नावाच्या लेण्या आहेत. आपल्या अजिंठा-वेरूळसारख्याच डोंगरात कोरलेल्या. इ.स. ४९४ च्या सुमारास उत्तर वेई राजवटीने राजधानी लोयांगला आणली आणि तेव्हापासून तिथे बुद्धमूर्ती कोरल्या जाऊ लागल्या. अनेक मूर्तींपाशी, त्या कुणी दिल्या, कुणाच्या पुण्यस्मरणार्थ दिल्या, हे दगडात लिहिलेले आहे. एका आईने आपल्या मेलेल्या लेकासाठी मैत्रेयाची मूर्ती दिली, तो लेख ४९५ सालचा. दुसरा एक लेख ५०२ सालचा, त्यात सून आणि ल्यू आडनावाच्या दोघांबरोबर दोनशे माणसांनी मिळून वर्गणीतून मूर्ती केल्याची नोंद आहे. म्हणजे दोनशे माणसांची वर्गणी! आपल्या विहाराची पावतीपुस्तके ज्यांनी दारोदार फिरवली, त्यांना हे वाचून आपल्याच माणसांची गोष्ट वाटेल.

हे लेख लक्षात ठेवा. त्यांची अक्षरे टोकदार, चौकोनी, कुऱ्हाडीने तासल्यासारखी आहेत. ह्यू-एन-त्संगच्या काळी राजधानीतले जाणते लोक अशा अक्षरांना सुंदर म्हणत नव्हते.

मग सुंदर कशाला म्हणत? चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. प्रत्येक शब्दाला वेगळे चिन्ह, अशी हजारो चिन्हे, आणि ती कुंचल्याने लिहायची. त्यामुळे हात कसा वळतो, कुठे दाबतो, कुठे उचलतो, यावरून माणसाची पारख व्हायची. चौथ्या शतकात वांग शी-च नावाचा अधिकारी होऊन गेला. त्याचे अक्षर वाहते, लवचिक, मऊ. चीनमध्ये आजही त्याला अक्षरकलेतला सर्वांत थोर पुरुष मानतात. पण तेसुद्धा पहिल्यापासून ठरलेले नव्हते. तो मेल्यावर शंभर-दीडशे वर्षे लोकांना बापापेक्षा त्याच्या मुलाचेच अक्षर अधिक आवडत होते. पुढे तांग घराण्याचा बादशहा ताई-त्सुंग याने बापाची बाजू घेतली, त्याचे कागद देशभरातून गोळा केले, त्याच्या चरित्रावर स्वतः अभिप्राय लिहिला आणि मुलाला कमी लेखले. बादशहाला जे आवडले तेच सगळ्यांना आवडू लागले.

वाळवंट

भिक्खू झाल्यावर ह्यू-एन-त्संग यांनी अनेक गुरूंकडे अभ्यास केला. पण एकाच सूत्राचे दोन भाषांतरकार दोन अर्थ सांगत. खरे काय, हे मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय कळणार नाही, अशी त्यांची खात्री झाली. ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः तपासून पाहणे हीच बुद्धाची शिकवण. त्या काळी देश सोडायला बंदी होती, परवानगी मिळाली नाही. तेव्हा इ.स. ६२९ च्या सुमारास ते परवानगीशिवायच निघाले.

सीमेवरच्या चौक्या चुकवत ते एका म्हाताऱ्या तांबड्या घोड्यावर वाळवंटात शिरले. वाटेत पाण्याची पखाल हातातून निसटली आणि सगळे पाणी वाळूत गेले. थोडे मागे फिरले, पण मग मनाशी म्हणाले की भारतात पोहोचल्याशिवाय पूर्वेकडे पाऊल टाकायचे नाही असा निश्चय केला होता, तो मोडून जगण्यापेक्षा पश्चिमेकडे जाताना मेलेले बरे. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नाही. शेवटी त्या म्हाताऱ्या घोड्यानेच गवत आणि पाणी शोधून काढले.

पुढे तुर्फानजवळच्या काओछांग राज्याचा राजा त्यांच्यावर इतका लुब्ध झाला की जाऊच देईना. ह्यू-एन-त्संग यांनी अन्नपाणी सोडले. तीन दिवसांनी राजा नमला. वाटेतल्या २४ राज्यांच्या नावे त्याने पत्रे दिली, घोडे दिले, सोने-रेशीम दिले. पुढे समरकंद, मग बामियान. बामियानच्या डोंगरातल्या दोन प्रचंड बुद्धमूर्तींचे वर्णन त्यांनी लिहून ठेवले. त्या मूर्ती २००१ साली तालिबानने सुरुंग लावून पाडल्या. मूर्ती गेल्या, त्यांचे लिहिलेले राहिले.

काश्मिरात दोन वर्षे अभ्यास करून ते मगधात नालंदेला पोहोचले. तिथले प्रमुख आचार्य शीलभद्र फार वृद्ध होते. त्यांच्या चरणी बसून ह्यू-एन-त्संग यांनी सुमारे पाच वर्षे योगाचार शास्त्राचा आणि संस्कृतचा अभ्यास केला.

आपल्या महाराष्ट्रात

नालंदेहून ते दक्षिणेला फिरले आणि इ.स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रात आले. त्या वेळी इथे चालुक्य राजा पुलकेशी दुसरा राज्य करीत होता. उत्तरेच्या हर्षवर्धनालाही त्याला जिंकता आले नव्हते, हे ह्यू-एन-त्संग यांनी नोंदवले आहे. आपल्या लोकांविषयी त्यांनी लिहिले ते असे : माणसे उंच, साधी आणि सरळ, पण मानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. अडचणीतला माणूस मदतीला आला तर स्वतःचे भान सोडून धावतात. सूड घ्यायचा झाला तर शत्रूला आधी कळवतात. विद्येची आवड आहे. विहार शंभरावर, भिक्खू पाच हजारांवर.

देशाच्या पूर्वेकडे एका डोंगरात त्यांनी एका संघारामाचे वर्णन केले आहे. उंच कोरीव विहार, भिंतींवर बुद्धाच्या जीवनातले प्रसंग, दाराशी दगडी हत्ती. हे अजिंठ्याचेच वर्णन असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. ते लेणे अचल नावाच्या अर्हताने केले असे ते लिहितात, आणि अजिंठ्याच्या २६ नंबरच्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचल हे नाव खरोखरच आहे. एका चिनी भिक्खूचे लिहिणे आणि आपल्या डोंगरातला दगड एकमेकांची साक्ष देतात.

जालन्याहून राजूर, भोकरदन, सिल्लोड असा रस्ता धरला की आपण अजिंठ्याला पोहोचतो. यातले आपल्या जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. मध्य प्रदेशातल्या भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी नावे आहेत, त्यांत भोगवर्धनची माणसे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गावच्या माणसाने एवढ्या लांब दान दिले आणि नाव दगडावर राहिले. कन्नडजवळच्या पितळखोऱ्यात तर एका यक्षाच्या मूर्तीवर ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली असे लिहिले आहे. तिथेच पैठणच्या एका अत्तरविक्याचे, मितदेवाचेही नाव आहे. सोनार, अत्तरविक्या, कारागीर. राजांची नावे आहेत तशी यांचीही आहेत.

ती अक्षरे ब्राह्मी लिपीतली. डोक्यावर रेघ नाही, कसली सजावट नाही. साध्या काठीने मातीत ओढावीत तशी. पुढे वाकाटकांच्या काळात राजाच्या ताम्रपटावर अक्षराच्या डोक्यावर छोटी छोटी चौकट काढायची पद्धत आली. मग डोक्यावर रेघ आली, पुढे कचेरीत झरझर लिहायची मोडी आली. प्रत्येक वेळी अक्षराचे वळण बदलत गेले. शेवटी ब्राह्मी तर कुणाला वाचताच येईना. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ती उलगडली, तेव्हा सम्राट अशोक पुन्हा बोलू लागला. आणि या सगळ्या काळात आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला कुठलेच अक्षर नव्हते. त्यांच्या वाट्याला फक्त अंगठा होता.

परतीचा प्रवास आणि भाषांतर

हर्षवर्धनाच्या कनौजच्या सभेत मान मिळवून ह्यू-एन-त्संग परत निघाले. सिंधू नदी ओलांडताना नाव हेलकावली आणि पन्नासेक पोथ्या पाण्यात गेल्या. त्या पुन्हा उतरवून मिळेपर्यंत ते थांबून राहिले. इ.स. ६४५ मध्ये ते राजधानी चांगआनला पोहोचले, तेव्हा रस्त्यात माणूस मावेना. बरोबर ६५७ ग्रंथ होते, ५२० गाठोड्यांत बांधलेले, वीस घोड्यांवर लादलेले. चोरून गेलेला माणूस सन्मानाने परत आला. बादशहा ताई-त्सुंगने चीवर उतरवून राज्यकारभारात या म्हणून गळ घातली. त्यांनी नम्रपणे नकार दिला. पुढची १९ वर्षे त्यांनी भाषांतराला दिली. ७५ ग्रंथ, १३३५ गुंडाळ्या त्यांनी चिनी भाषेत आणल्या. प्रवासाचे वर्णन ६४६ मध्ये शिष्याला सांगून लिहवून घेतले. आपल्या देशातल्या बौद्ध स्थळांचा शोध पुढे कनिंगहॅमने याच वर्णनाच्या आधाराने घेतला.

ग्रंथांना आग लागू नये म्हणून त्यांनी ६५२ साली विटांचा स्तूप-मनोरा बांधायला घेतला. हाच चांगआनचा, म्हणजे आजच्या शीआनचा, रानहंस मनोरा. त्या बांधकामावर हा जगप्रसिद्ध पंडित स्वतः टोपलीने माती-विटा वाहत होता. कामगार म्हणून मला त्यांची ही गोष्ट सर्वांत जास्त भावते.

दोन शिळा

६४८ मध्ये बादशहाने या भाषांतरांना प्रस्तावना लिहून दिली आणि युवराजाने तिला जोडलेख लिहिला. हा मजकूर दगडावर कोरायचा ठरला. त्या काळचा मोठा लेखक-अधिकारी छू स्वे-लियांग याने तो स्वतःच्या अक्षरात लिहिला आणि ६५३ मध्ये दोन शिळा मनोऱ्याच्या दक्षिण दाराशी बसवल्या. त्या आजही तिथे आहेत. दोन वर्षांनी याच छूने राजवाड्यातल्या एका निर्णयाला तोंडावर विरोध केला, त्याची हद्दपारी झाली आणि तो दूर दक्षिणेत वारला. शिळेवर कोरणाऱ्याचेही नाव आहे : वान वन-शाओ.

दुसरी शिळा आणखी नवलाची. ह्वाय-रन नावाच्या भिक्खूने ठरवले की हाच मजकूर वांग शी-चच्या अक्षरात पाहिजे. पण वांग तर तीनशे वर्षांपूर्वी मेलेला! मग ह्वाय-रनने वांगच्या उरलेल्या कागदांतून एकेक चिन्ह शोधून काढले. मोठे असेल तर लहान करून, लहान असेल तर मोठे करून उतरवले. जे चिन्ह सापडेना त्याचे तुकडे दोन वेगळ्या चिन्हांतून घेऊन जुळवले. एकेका अक्षरासाठी सोने मोजले अशी कथा सांगतात. सुमारे १९०० अक्षरे आणि वीसहून अधिक वर्षे! ६७२ साली ती शिळा उभी राहिली. तीत शेवटी ह्यू-एन-त्संग यांनी भाषांतरित केलेले प्रज्ञापारमिता हृदय सूत्रही आहे. याही शिळेवर कोरणाऱ्याचे नाव आहे : चू चिंग-त्सांग. ही शिळा आज शीआनच्या शिलालेख संग्रहालयात आहे.

ह्यू-एन-त्संग यांनी ती शिळा पाहिली नाही. सहाशे गुंडाळ्यांचे महाप्रज्ञापारमिता सूत्र ६६३ मध्ये पुरे केले, शरीर थकले होते, आणि ६६४ मध्ये त्यांचे परिनिर्वाण झाले. अंत्ययात्रेला लाखांनी लोक लोटले असे त्यांच्या चरित्रात आहे.

शिळेचे पुढे काय झाले

जीवनकथा इथे संपते. पण माझे मत बदलले ते पुढच्या भागाने.

चीनमध्ये शिळेवरून ठसे घ्यायची पद्धत होती. ओला कागद दगडावर चिकटवायचा, हलके ठोकून अक्षराच्या खाचेत बसवायचा आणि वरून शाईची पुरचुंडी फिरवायची. कागद काळा होतो, अक्षर पांढरे उमटते. असे ठसे घरोघर गेले आणि लोक त्यावरून अक्षर गिरवू लागले. ह्वाय-रनची शिळा कचेरीतल्या लेखनिकांना फार सोयीची. त्यांनी तिचा कित्ता केला. तर झाले काय, पुढच्या विद्वानांनी नाक मुरडले. हे तर कारकुनी वळण, म्हणून थोरामोठ्यांनी ती शिळा गिरवायचे सोडून दिले. शिळा तीच, अक्षरे तीच. फक्त गिरवणारा हात बदलला, म्हणून अक्षर हलके झाले! आपल्याला ही रीत ओळखीची आहे. आपण हात लावला की पाणी बाटते, ही त्याचीच सख्खी बहीण.

यान चन-छिंग नावाचा दुसरा मोठा लेखक आठव्या शतकात झाला. त्यानेही ७५२ साली एका बौद्ध स्तूपाचा लेख लिहिला होता. त्याचे उतारवयातले अक्षर जाड, भक्कम, पाय रोवून उभे. दहाव्या शतकातल्या ली यू नावाच्या नाजूक आवडीच्या राजाला ते हात बांधून उभ्या राहिलेल्या खेडवळ शेतकऱ्यासारखे वाटले. पण हाच यान बंडखोरांपुढे नमला नाही, वयाच्या सत्तरीनंतर त्यांच्या हातून मारला गेला. पुढच्या सोंग काळातल्या टीकाकारांनी मग वेगळाच विचार मांडला : अक्षर पाहताना माणूस पाहा. जे खेडवळ वाटले तेच निष्ठावंत, सरळ माणसाचे अक्षर म्हणून वंदनीय झाले. अर्थात सगळ्यांना पटले असे नाही. त्याच काळात काही नामांकित लोक यानला ओबडधोबडच म्हणत राहिले.

सतराव्या शतकात मांचू लोकांनी चीन जिंकला, तेव्हा फू शान या विद्वानाने आणखी पुढचे पाऊल टाकले. जिंकणाऱ्यांची चाकरी करणाऱ्याचे गोडगोड अक्षर त्याला नकोसे झाले. चलाखीपेक्षा अनाडीपणा बरा, लाडिकपणापेक्षा कुरूपता बरी, असे त्याने शिकवले.

आणि आता लोंगमेनचे ते लेख आठवा. तेराशे-चौदाशे वर्षे त्यांना कुणी विचारले नव्हते. एकोणिसाव्या शतकात रुआन युआन या अभ्यासकाने दाखवून दिले की दक्षिणेच्या वांगच्या परंपरेशिवाय उत्तरेत दगडावरच्या लेखनाची वेगळी आणि तितकीच मोठी परंपरा होती. मग १८९० च्या सुमारास कांग यू-वे या सुधारकाने पुस्तक लिहून उघड सांगितले की उत्तर वेईचे शिलालेख सर्वांत श्रेष्ठ. इतकेच नाही, गरीब खेड्यातल्या बाया-पोरांनी मूर्तीपाशी लिहवलेल्या लेखांतसुद्धा हाडामांसाचा जोर आहे. त्यानंतर लोंगमेनच्या निवडक वीस लेखांचे ठसे चीन-जपानमध्ये अक्षराचे आदर्श म्हणून गिरवले जाऊ लागले. तो दोनशे माणसांच्या वर्गणीचा लेख त्यात आहे. मेलेल्या लेकासाठी आईने दिलेला लेखही आहे.

यावरही वाद झाले. काहींनी म्हटले की तो टोकदारपणा कुंचल्याचा नाही, छिन्नीचा आहे, लिहिणाऱ्याने तसे लिहिलेच नव्हते. असेलही. तिथले कितीतरी दाते राजघराण्यातले आणि अधिकारीही होते, सगळेच गरीब नव्हते, हेही खरे. पण छिन्नीचा असला तरी तो कुणाच्यातरी हाताचा आहे ना? पाथरवटाचा हात आता सुंदर ठरला, ही गोष्ट काही लहान नाही.

आपली शिळा

बांधवांनो, मी यातून काय शिकलो ते थोडक्यात सांगतो. सुंदर अक्षर कोणते, हे दर दोन-तीनशे वर्षांनी बदलत आले. कधी बादशहाने ठरवले, कधी कचेरीने, कधी विद्वानांनी. ठरवणारे गेले, आवडी गेल्या. ज्यांनी श्रद्धेने दगडावर लिहवून ठेवले, त्यांचे मात्र राहिले.

आपल्या दारातल्या शिळेवर माझ्या वडिलांचे नाव आहे, पुढे अकरा रुपये. वडिलांना सही येत नव्हती. जन्मभर त्यांचे नाव हजेरीत दुसऱ्याने लिहिले आणि त्यांनी अंगठा उठवला. शाळेत माझे अक्षर वाकडे म्हणून एका गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर माझी पाटी पुसून टाकली होती. ते मी अजून विसरलो नाही, आणि परवाच्या बैठकीत मीच तसला गुरुजी व्हायला निघालो होतो. त्या दगडफोड्या भावाने आपला रोज बुडवून, एक पैसा न घेता, येत नव्हती ती अक्षरे बोटाने गिरवून आधी शिकून घेतली आणि मग कोरली. ‘धम’ लिहिले गेले, पण त्याला लिहायचा होता तो धम्मच.

याचा अर्थ शुद्धलेखन नको असा कुणी काढू नये. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले आहे. ह्यू-एन-त्संग तर एका शब्दाचा अर्थ बरोबर कळावा म्हणून वाळवंट तुडवून आले. लेकरांचे अक्षर वळणदार असलेच पाहिजे, लिहिणे शुद्ध असलेच पाहिजे. नवीन ग्रॅनाइटची पाटी जरूर करा, शुद्ध करा, नंतरच्या दात्यांची नावे तीत घाला. पण जुनी शिळा काढू नका. नवी तिच्या शेजारी लावा. आणि जुन्या शिळेखाली एक ओळ वाढवा, ती कोरणाऱ्याचे नाव. वान वन-शाओचे नाव बादशहाच्या शिळेवर राहू शकते, सोनार कण्हदासाचे पितळखोऱ्यात राहू शकते, तर आपल्या माणसाचे आपल्या विहारात का नको?

आणखी एक सूचना आहे. वर्धापन दिनी लेकरांना पातळ कागद आणि पेन्सिल द्या. कागद शिळेवर धरून वरून पेन्सिल हलकी घासली की आपल्या आजा-आजीचे नाव कागदावर उमटते. ते त्यांना घरी नेऊ द्या. चीनमधली मुले हजार वर्षे असेच शिकली.

पुढच्या बैठकीत हा विषय पुन्हा घ्यावा अशी माझी सर्वांना विनंती आहे. या वेळी मी हात वर करीन तो शिळा राखण्यासाठी.

नमो बुद्धाय. जयभीम.